गोधडीचे निरूपण



नारदांच्या गादीवर उभे राहायचे म्हणजे हाती एक अभंग लागतो. आधी त्याची चाल, मग ध्रुपद, मग एकेक चरण सोडवत जायचे आणि बोललेल्या शब्दाला संतवचनाचा टेकू द्यायचा. बेचाळीस वर्षे मी हेच केले. आता गळा बसला, दम पुरत नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी गादी सोडली आणि घरी बसलो. आज तुमच्याशी बोलताना मी अभंग घेत नाही. आमच्या घरातली एक गोधडी घेतो. प्रमाणही देत नाही. प्रमाणाच्या आड उभे राहायची मला फार सवय झाली होती. आज जे सांगायचे आहे त्याला मीच जबाबदार आहे, तेव्हा ते माझ्याच तोंडाने सांगितलेले बरे.

प्रश्न असा आहे. घरातल्या बाईने जन्मभर जे दळले, कांडले, शिवले, निस्तरले, त्याला आपण सेवा म्हणतो. पण सेवेसारखेच दिसणारे आणखी एक काम असते, त्याला वेठ म्हणतात. पूर्वी सरकारी अंमलदाराचा तळ गावात पडला की शिपाई ज्याच्या दारात उभा राहील त्याने ओझे उचलायचे. मजुरी नाही आणि नको म्हणायची सोय नाही. रस्त्यावरून पाहणाऱ्याला सेवेकरी आणि वेठकरी सारखेच दिसतात, कारण ओझे दोघांच्याही डोक्यावर असते. मग ओळखायचे कसे? आणि ओळख पटली, तर ज्यांच्यासाठी ते ओझे उचलले गेले त्यांनी काय करायचे?

आमचे गाव पुरंदर तालुक्यात, सासवडपासून दोन कोसांवर. घरात आम्ही दोघेच. मुलगा, सून आणि दोन नातवंडे पुण्याला असतात. नातवंडांमुळे आमच्या घरच्या मंडळींना आता सगळी आळी आजी म्हणते, मीही तेच म्हणतो.

गादी सोडून घरी बसलो तेव्हा आमच्या लग्नाला ४७ वर्षे झाली होती. आजीचा दिवस किती वाजता सुरू होतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. सांगताना लाज वाटते, पण सांगतो. सप्ताह, पारायणे, पुण्यतिथ्या यांतून मी घरी येई तो पाहुण्यासारखा. ती चार वाजता उठते. अंगण झाडते, सडा घालते, गोठ्यात जाते. गाय एकच, पण तिला वेळ कळते, घटकाभर उशीर झाला तर हंबरून आळी उठवते. आजी संध्याकाळी देवळात हरिपाठाला येत नाही ही माझी जुनी तक्रार होती. चारचौघांत मी ती बोलूनही दाखवली होती. घरी राहिल्यावर समजले की पहाटे धारेला बसली की तिचा हरिपाठ सुरू होतो आणि शेणगोठा आवरेपर्यंत पुरा होतो. टाळ नाही, मृदंग नाही, चरवीत पडणाऱ्या धारेचा काय तो ताल. एवढ्या वर्षांत माझ्या कानी तो कधी आला नव्हता, कारण त्या वेळी मी एकतर परगावी असे किंवा झोपलेला असे.

मे महिन्यात नातवंडे येतात आणि घराला पाय फुटतात. गव्हाचा चीक काढायचा असतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून, गाळून, निवळलेले पाणी ओतून द्यायचे आणि खालचा चीक शिजवायचा. गरम आहे तोवर सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या. पोरांना कावळे राखायला बसवतात आणि राखणीची मजुरी म्हणून वाटीभर चीक, वर साखर आणि दूध. पापड, सांडगे, शेवया, लोणचे हे सगळे त्याच महिन्यात उरकायचे. दुपारी ऊन चढले की दार लोटून ती गोधडी पसरते.

गोधडी शिवताना हल्ली पुष्कळांनी पाहिलेले नसते, म्हणून सांगतो. खाली एक जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे अंथरायचे. आत फाटकी धोतरे, उपरणी, पोरांचे उसवून सपाट केलेले सदरे. वर दुसरे लुगडे. सगळे ताणून चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे जड असेल ते ठेवायचे आणि लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बसवायचे. मग काठापासून धावदोरा सुरू करायचा. चारी बाजूंनी एक फेरी पुरी झाली की बोटभर आत दुसरी. चौकोन लहान लहान होत मध्यावर येतो. शेवटी तळहाताएवढी जागा उरते, तिथे आजी हळदकुंकवाचे बोट लावते आणि चार तांदूळ आत शिवून टाकते. ही माझ्या आईची रीत, तिने सासूकडून घेतलेली. एका गोधडीला दोन-अडीच महिन्यांच्या दुपारी जातात. नवे कापड ती कधी घालत नाही. "नवं टोचतं," म्हणते, "अंगाला घासून जुनं झालं की मग त्यात ऊब येते." मी ज्या धोतरांत उभा राहून गावोगाव वैराग्य सांगितले, ती सगळी आता कोणाकोणाच्या अंथरुणात आहेत.

त्यातली एक गोधडी तिने आपल्या लग्नातल्या शालूची केली. शालू विटला होता, पण जरीचा काठ शाबूत होता. नातीच्या पाचव्या वाढदिवसाला ती पुण्याला पाठवली. पुढे दोन वर्षांनी ऐन थंडीत मी मुलाकडे उतरलो, तर इमारतीच्या फाटकाशी रात्रपाळीचा म्हातारा राखणदार तीच गोधडी पांघरून बसलेला. जरीचा काठ दिव्याखाली चमकत होता. सुनेला विचारले. ती ओशाळली. म्हणाली, "आबा, रात्री खिडकीतून पाहिलं, उघडे बसले होते. पाहवेना. हाताशी तीच होती." मी गप्प बसलो, पण आत भडका उडाला होता. लग्नातला शालू! घरी आलो आणि पायरी चढता चढता आजीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "थंडी फार होती का?"

"कडाक्याची होती."

"मग पायापर्यंत पुरत होती ना त्याला?"

एवढेच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरी गोधडी पसरली. मी मात्र त्या रात्री कूस बदलत राहिलो. ममता वेगळी आणि ममत्व वेगळे, हे मी किती कीर्तनांत फोड करून सांगितले असेल! ममता देऊन टाकते, ममत्व दिल्यावरही दोरा हातात धरून ठेवते. सांगणारा मी आणि दोरा माझ्याच हातात. ज्या बाईला मी संसारात गुंतलेली समजत होतो तिने दोरा कधीच तोडला होता, आणि आपण काही मोठे केले हे तिच्या गावीही नव्हते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले असे वाटले. जिथे हिशेब नाही ती सेवा. वेठकरी पावलागणिक हिशेब करतो, किती ओझे, किती अंतर, कधी सुटका. आजीने कधी मोजले नाही, म्हणून तिचे सगळे काम सेवा. कीर्तन असते तर मी इथेच गजर घेतला असता. मायबहिणींनी डोळे पुसले असते, यजमानाने हार घातला असता आणि सगळे आपापल्या घरी जाऊन ताटावर बसले असते.

पण पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक गोष्ट घडली आणि मला पुढचा चरण सोडवावा लागला.

उन्हाळ्यात आजी पोरांना घेऊन तीन-चार वेळा बाहेर पडते. सासवडला सोपानकाकांच्या समाधीला, तिथूनच कऱ्हेकाठच्या संगमेश्वराला. एक दिवस भुलेश्वराला. बाहेर माळ तापलेला असतो आणि देवळाच्या आत दगडाचा गारवा. भिंतीवरच्या मूर्तींत बाईच्या रूपातला गणपती आहे, तो शोधायची पोरांत पैज लागते. एक दिवस जेजुरीला, तिथून पोरे भंडाऱ्याने पिवळी होऊन येतात. सोबत दशम्या, लसणाची चटणी, कांदा आणि एक मोठी पाण्याची बाटली. गादी सोडल्यापासून मीही बरोबर जातो. जाणे-येणे एस.टी.ने, आणि नियम एकच, संध्याकाळच्या धारेच्या आत घरी. मला वाटायचे हिला लांबचे सोसत नाही. मग ध्यानात आले की सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांच्यामध्ये जेवढा मुलूख मावतो तेवढेच तिचे तीर्थाटन. सासवड त्यात मावते, भुलेश्वर मावते, जेजुरी जेमतेम मावते. पंढरपूर मावत नाही.

त्या दिवशी आम्ही सोपानकाकांच्या देवळात दशम्या खात बसलो होतो. मोठी नात तेव्हा दहा वर्षांची. मी तिला सांगत होतो की ज्ञानोबारायांचे हे धाकटे भाऊ, इथे समाधिस्थ झाले. आषाढात माउलींची पालखी दिवे घाट चढून इथे येते, दोन मुक्काम करते, आणि सोपानकाकांची पालखीही इथूनच पंढरीला निघते. तिने विचारले, "आबा, तुम्ही किती वेळा चालत गेलात?"

मी छाती थोडी पुढे काढून म्हणालो, "अडतीस वाऱ्या."

"आणि आजी, तू?"

आजी म्हणाली, "जेजुरीपर्यंत."

नात हसली. "जेजुरी तर आपण परवाच गेलो होतो!" आजीही हसली. म्हणाली, "कुणीतरी घरी लागतंच की गं." आणि पोरांचे हात धुवायला उठली.

मला घास गिळेना. कारण जेजुरी मला आठवली. सन १९८६ चा आषाढ. त्या वर्षी पहिल्यांदा ती दिंडीत आली होती. मी पुढे वीणेकऱ्याच्या मागे, ती मागे बायकांत, डोक्यावर तुळस. सासवडहून जेजुरीला पोहोचलो त्या रात्री गावाकडचा एक पोरगा शोधत आला. माझ्या आईला ताप भरला होता. दुसऱ्या दिवशी वाल्ह्याच्या मुक्कामी माझे कीर्तन ठरलेले होते. मायबाप वाचकहो, तिथे काही भांडण झाले नाही. मी तिला "तू जा" असेही म्हटले नाही. कोणी जायचे हा प्रश्नच तिथे कोणाला पडला नाही. तिने तुळस शेजारणीच्या डोक्यावर दिली, गाठोडे उचलले आणि पहाटेच्या गाडीने परत गेली. मी वाल्ह्याला कीर्तनाला उभा राहिलो. आईचा ताप तीन दिवसांत उतरला. तसा निरोपही मला मिळाला. त्या दिवशी एस.टी.त बसली असती तर ती पुन्हा दिंडीला गाठू शकली असती. उलट निरोप धाडावा हे मला सुचले नाही. पुढची पंचवीस वर्षे दर आषाढात मी निघालो आणि दर वेळी घरी कोण राहणार हे न विचारता ठरलेले होते.

आणखी एक कबुली देतो. गादीवर असताना मी आवलीची नक्कल करत असे. आम्ही पुष्कळ कीर्तनकार करतो. तुकोबाराय नामात रंगलेले आणि आवली हात नाचवून विठ्ठलाला बोल लावते आहे, असा प्रसंग रंगवला की मंडपात हशा पिकतो. सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्या घरातली थोरली सून अन्नान्न करत गेली, मूल गेले. त्यानंतर चूल पेटवायची कोणी? त्या बाईने. भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढायची, तुकोबा जेवल्याशिवाय जेवायची नाही, असे परंपराच सांगते. मी तिची नक्कल करत होतो तेव्हा समोर बायकांच्या बाजूला आमच्या गावच्या कीर्तनात आजीही बसलेली असे. सगळा मंडप हसे. ती हसलेली मला आठवत नाही.

आता इथे पूर्वपक्ष उभा राहील, आणि तो मीच वर्षानुवर्षे मांडला आहे. कोणी म्हणेल, महाराज, ज्याचे त्याचे काम हीच पूजा असे संतांनी सांगितले. सावतोबांना अरणच्या मळ्यात देव भेटला, गोरोबांना मातीत, जनाईला जात्यावर. आजीला गोठ्यात भेटला असेल. मग हळहळ कशाची?

मीही असेच बोलत होतो. पण आता रिकामपणी त्याच कथा पुन्हा आठवून पाहतो तेव्हा एक गोष्ट दिसते, जी तेव्हा दिसली नव्हती. गंगाखेडची जनाई नामदेवरायांच्या घरी दासी. ती दळायला बसली तेव्हा देवाने काय केले? तो जात्याशी बसला आणि खुंटा धरला. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने काय केले? कावडीने पाणी भरले. चोखोबांबरोबर ढोरे ओढली. कबीराचे शेले विणले. आवलीच्या पायात काटा मोडला तेव्हा वाकून काटा काढला. या सगळ्या कथा परंपरेने जपल्या, मी त्या हजारदा सांगितल्या. देव कुठेही उभा राहून "वाहवा, काय तुझी सेवा!" असे म्हणालेला नाही. देवाने कौतुक केले नाही, काम केले. कौतुक केले ते आम्ही. जात्याशी बसलेला देव सांगताना आमचा कंठ दाटून आला आणि घरी जाऊन आम्ही विचारले, भाकरी झाली का?

म्हणून काम ही पूजा हे खरेच आहे, पण ते कोणी म्हणायचे हेही पाहिले पाहिजे. सावतोबांनी आपल्या मळ्याविषयी म्हटले ते शोभले, कारण खुरपे त्यांच्याच हातात होते. दुसऱ्याच्या हातात खुरपे देऊन बांधावर बसून तेच वाक्य म्हटले की ते वेठीला धरण्याचे साधन होते.

दुसरा पूर्वपक्ष असा, की ती स्वतः सुखी आहे, तक्रार तिची नाही, मग तुम्ही कशाला उकरता? याचे उत्तर मला त्या गोधडीने दिले. राखणदाराला गोधडी गेली आणि तिला वाईट वाटले नाही, ही तिची कमाई आहे. पण त्यामुळे माझ्या नावावरची बाकी फिटत नाही. सावकार मागत नाही म्हणून कर्ज नाहीसे होत नाही. तिने आपल्या मनाने वेठीची सेवा केली. ओझे तेच, पण तिने ते देवाचे म्हणून उचलले. हा तिचा अधिकार फार मोठा. माझ्या बाजूने पाहिले तर मात्र ती वेठच होती, कारण मी तिला कधी विचारले नाही. एकच काम करणारीच्या बाजूने सेवा आणि घेणाऱ्याच्या बाजूने वेठ असू शकते. तिचा मोठेपणा दाखवून मला माझा लहानपणा झाकता येणार नाही.

गीतेच्या १८व्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. नेमून दिलेले कर्म मोहाने टाकले तर तो तामस त्याग. कष्ट होतात म्हणून, देहाला त्रास नको म्हणून टाकले तर तो राजस त्याग, आणि त्याचे फळ मिळत नाही. कर्म करायचे, पण आसक्ती आणि फळ सोडायचे, हा सात्त्विक त्याग. माउलींनी त्यावर जे निरूपण केले ते मी कितीतरी सप्ताहांत वाचले आणि सांगितले. आता आरसा समोर धरून पाहतो. आजारी आई, गोठा, पोरांच्या शाळा, हे सगळे टाकून मी निघालो ते वैराग्याने की कंटाळ्याने? वारीचे पुण्य मी नाकारत नाही. पांडुरंगाच्या कृपेने अडतीस वेळा त्या वाटेवर पाय पडले, तो आनंद खोटा म्हणणार नाही. पण त्यात राजस त्यागाचा वाटा किती होता हे मला एकट्यालाच माहीत आहे, आणि तो अगदी थोडा नव्हता. सात्त्विक त्याग आमच्या घरात झाला असेल तर तो माजघरात झाला.

कोणी असे समजू नये की मी बायकांनी घरे टाकून निघावे असे सांगतो आहे. तुळस डोक्यावर घेऊन आमच्या मायबहिणी पिढ्यान्पिढ्या चालत आल्या, दिंडीची शोभा त्यांच्याने आहे. आणि घरी राहण्यातही कमीपणा नाही. पुंडलिकाने घरीच आईबापांची सेवा केली आणि देवाला विटेवर थांबायला लावले. पण पुंडलिक घरी राहिला तो स्वतः ठरवून. म्हणून तिथे देवही थांबला. माझे म्हणणे एवढेच की राहायचे कोणी आणि जायचे कोणी, हा प्रश्न घरात मोठ्याने विचारला गेला पाहिजे. विचारल्यावर ती "मी राहते" म्हणाली तर ती सेवा. न विचारता राहिली तर तिच्या मनाचे ती पाहील, आपल्या माथी वेठीचे पाप आहे.

सासवडहून परत आल्यावर त्या रात्री मी तिला विचारले, "या आषाढात चलतेस का? मी घर पाहतो." तिने गुडघ्यांवर हात ठेवला. "आता कशाला विचारता?" एवढेच म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मला सोपे गेले असते.

काही गोष्टींना उशीर होतो आणि तो भरून निघत नाही. हे मी तुम्हाला सांगतो आहे कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी अजून गुडघे शाबूत आहेत.

त्यानंतर मी दोन कामे अंगावर घेतली. आजीची नजर अधू झाली, म्हणून सुईत दोरा ओवायचे काम माझ्याकडे आहे. रोज सकाळी उजेडात दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. हात कापतो, दोरा थुंकी लावून टोकदार करावा लागतो, दहा सुयांना अर्धा तास जातो. दुसरे काम गाईचे. ते मात्र जमायला तीन वर्षे लागली. गाय मला पान्हा चोरत असे. बेचाळीस वर्षे माणसांना डोलवले, पण एका गाईला मी परका होतो. आजी शेजारी उभी राहून हरिपाठ म्हणे तेव्हा कुठे ती दूध सोडी.

गेल्या आषाढात आजी स्वतःहून म्हणाली, "नीरेचं स्नान पाहायचं राहिलं." वाल्ह्याहून लोणंदला जाताना नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. जेजुरीच्या पुढचा तो टप्पा, ती परतली त्याच्या पुढचा. सुनेने गाडी काढली, नातीही निघाली. जायचे तर पहाटे निघायला हवे आणि यायला रात्र होणार. घरी कोण राहणार हा प्रश्न आमच्या घरात ५२ वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला. मी म्हणालो, "मी राहतो."

त्या दिवशी माउली नीरेत होत्या आणि मी गोठ्यात होतो. टाळांचा आवाज कानात येत राहिला. जीव तिकडे धावत होता, हे खोटे कशाला सांगू? अडतीस वर्षे ती या दारात उभी राहून काय ऐकत असेल ते मला त्या एका दिवसात थोडेसे कळले. एका दिवसाने अडतीस वर्षे फिटत नाहीत, तसा हिशेब मी मांडतही नाही. संध्याकाळी धारेला बसलो. हरिपाठ म्हणायला शेजारी कोणी नव्हते, म्हणून मीच म्हटला, बसलेल्या गळ्याने.

रात्री दहाला आजी आली. चेहरा उन्हाने रापलेला, पदर ओला. मी विचारले, "कसं झालं स्नान?"

"पाणी गार होतं," ती म्हणाली, आणि चूळ भरता भरता विचारले, "धार किती निघाली?"

"दीड लिटर."

"बाकीची चोरली असेल," म्हणाली आणि गोठ्यात डोकावून आली.

या मे महिन्यातली गोधडी अजून पुरी झालेली नाही. मधला चौकोन हातभर उरला आहे. त्यात माझे शेवटच्या कीर्तनातले उपरणे आहे. उद्याच्या दहा सुया ओवून व्हायच्या आहेत, म्हणून इथेच थांबतो. आषाढ जवळ आला आहे. तुम्ही निघाल त्याआधी घरात एकदा तो प्रश्न मोठ्याने विचारा, एवढीच विनंती. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर लेकराचे म्हणून पदरात घ्यावे.

रामकृष्ण हरी.